थोरल्याच्या मांडवात नको

पंधरा ऑगस्ट ही तारीख आपल्याला माउंटबॅटननी दिली. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती, म्हणून ती त्यांच्या मनात बसली होती; आपल्याला कुणी विचारलं नाही. मी जिथे राहते तिथल्या लोकांचा राष्ट्रीय दिवसही पंधरा ऑगस्टच. फरक एवढाच की तो त्यांनी भरसभेत, दोन तट पाडून, भांडून निवडला. साल १८८१, महिना जुलै, गाव मेमरामकूक. आणि वादाचा विषय, आपण आपला सण कुठल्या तारखेला करायचा?

हे लोक म्हणजे अकादियन. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड या प्रांतांतले फ्रेंच भाषक. फ्रेंच म्हटलं की आपल्याला पॅरिस आठवतं आणि कॅनडातलं फ्रेंच म्हटलं की मॉन्ट्रियल. या दोन्हींशी यांचं नातं आहे, पण एका चुलीवरचं नाही. न्यू ब्रन्सविकमधल्या आमच्या दिएप गावात बहुतेक घरांत फ्रेंच बोलतात, शेजारच्या मॉन्कटन शहरात इंग्रजी जास्त. मी हिशेबनीस आहे. किनाऱ्यावरचे लॉबस्टरचे आणि हेरिंग धुरावण्याचे कारखाने माझे अशील. लॉबस्टर म्हणजे आपल्या शेवंडीची थंड पाण्यातली, नांग्यांवाली भावकी. मूळची मी गोव्यातल्या चोडण बेटावरची. हे सांगायचं कारण पुढे येईल.

मेमरामकूकच्या सभेची गंमत अशी की तिचं बी दुसऱ्याच्या मांडवात पडलं. १८८० साली क्वेबेकच्या सँ-जाँ-बातिस्त मंडळाने उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या फ्रेंच भाषकांना २४ जूनच्या उत्सवाला क्वेबेक शहरात बोलावलं. २४ जून हा बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा दिवस, क्वेबेकवाल्यांचा सर्वांत मोठा सण. आज तिथे ती प्रांताची अधिकृत सुट्टी आहे. अकादियन मंडळी गेली. मानपान झाला, भाषणं झाली, जेवणं झाली. आणि तिथे बसल्या बसल्याच त्यांनी ठरवलं की पुढच्या वर्षी अशी सभा आपण आपल्या घरी भरवायची. ती भरली मेमरामकूकच्या सेंट जोसेफ कॉलेजात. कामीय लफेव्र या पाद्र्याने १८६४ साली काढलेलं हे कॉलेज. शेतकऱ्यांच्या आणि मच्छीमारांच्या मुलांना तिथे पहिल्यांदा आपल्या भाषेत उच्च शिक्षण मिळालं. सभेचे अध्यक्ष प्येर-आमाँ लाँद्री याच कॉलेजात शिकून वकील झालेले. सुमारे पाच हजार माणसं लोटली होती.

एका बाजूचं म्हणणं सरळ होतं. आपण मूठभर, गरीब, विखुरलेले. क्वेबेकचे लोक आपल्याच भाषेचे, आपल्याच धर्माचे, संख्येने कितीतरी जास्त. त्यांच्या सणात सामील होऊ, त्यांचं बळ आपल्याला मिळेल. व्यवहारी माणसाला पटावं असंच हे बोलणं. दुसऱ्या बाजूला मार्सेल-फ्राँस्वा रिशार हे पाद्री होते. त्यांचं म्हणणं, भाषा एक असली म्हणून इतिहास एक होत नाही. आपल्यावर जे गुदरलं ते क्वेबेकवर गुदरलं नाही. त्यांच्या दिवसात आपला दिवस मिसळला तर आपण त्यांच्यात विरघळून जाऊ. त्यांनी सुचवला १५ ऑगस्ट, मारीयामातेच्या स्वर्गारोहणाचा दिवस. मतं पडली आणि १५ ऑगस्ट जिंकला.

आता गुदरलं होतं ते काय, हे सांगायला मला आधी बांधावर जावं लागेल.

सतराव्या शतकात पश्चिम फ्रान्समधून आलेल्या या लोकांनी जंगल तोडून शेती केली नाही, समुद्राकडून जमीन घेतली. फंडीच्या उपसागरात जगातली सर्वांत मोठी भरती येते. काही ठिकाणी भरती-ओहोटीच्या पातळीत सोळा मीटरपर्यंत फरक पडतो. अशा पाण्याच्या काठच्या खाऱ्या दलदलीला त्यांनी बांध घातले. तिथल्या खाऱ्या गवताची मुळांसकट ढेकळं फावड्याने कापायची आणि विटांसारखी रचत जायची. बांधाच्या तळाशी खोड कोरून केलेली नळी, आणि नळीत बिजागरीवर लोंबणारी लाकडी झडप. याला ते अबवातो म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा झडप मिटते. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला आतून ढकलून बाहेर पळतं. दोन-तीन वर्षं पावसाने मीठ धुऊन काढलं की त्या जमिनीत गहू पिकतो, आणि असा पिकतो की खत घालावं लागत नाही.

संग्रहालयात मातीतून निघालेला एक जुना अबवातो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेजारी लावलेली माहिती वाचायची गरजच पडली नाही. चोडणला आमच्या खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या शेताच्या, बांधात अशीच मानस होती. मांडवीचं पाणी चढलं की तिची लाकडी दारं मिटायची, उतरलं की उघडायची. आत कोरगूट भात, खाऱ्यात तगणारं. मानशीवरच्या मासेमारीचा दरवर्षी लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. बांध हा कुणा एकाचा नसतो. एकाच्या वाटणीला खांड पडली की खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. त्यामुळे वाडा सगळा चिखलात उतरायचाच, भांडणं असोत नसोत. आता आमच्याकडे कितीतरी बांध फुटून पडले आहेत आणि शेतात खारफुटी माजली आहे. काही ठिकाणी तर कोळंबीच्या लोभाने बांध मुद्दाम फोडतात. तो विषय काढला तर लेख तिकडेच जाईल.

तर १७१३ च्या उत्रेख्त तहात नोव्हा स्कोशिया इंग्रजांकडे गेला आणि अकादियन इंग्रजांची प्रजा झाले. त्यांनी तटस्थ राहण्याची अट घालून शपथ घेतली: आम्ही तुमच्याविरुद्ध शस्त्र उचलणार नाही, पण फ्रेंचांविरुद्धही उचलणार नाही. चाळीसेक वर्षं हे चाललं. १७५५ साली गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सने बिनशर्त शपथ मागितली. ती मिळाली नाही. ५ सप्टेंबरला ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये कर्नल जॉन विन्स्लोने पुरुषांना आणि मोठ्या मुलांना बोलावून घेतलं. ४१८ जण आत आले. दारं बंद झाली आणि हुकूम वाचला गेला: जमिनी, घरं, गुरं राजाकडे जमा, तुम्हाला इथून हलवण्यात येईल. १७६३ पर्यंत हे चालू राहिलं. सुमारे चौदा हजारांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांना जहाजांत घालून मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या वसाहतींत, पुढे इंग्लंड-फ्रान्समध्ये नेऊन टाकलं. हजारो लोक रोगराईत आणि समुद्रात गेले. काही जण फिरत फिरत लुइझियानाला पोचले. त्यांचे वंशज म्हणजे आजचे केजन.

यातला एक तपशील मला सगळ्यांत जास्त बोचतो, आणि तो रक्तपाताचा नाही. १७५९ च्या नोव्हेंबरात मोठं वादळ आलं आणि रिकाम्या पडलेल्या त्या प्रदेशातले बांध फुटले. पाठोपाठ न्यू इंग्लंडमधून नवे वसाहतवाले आले. जमीन फुकट मिळाली होती, पण बांध कसा बांधायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग किल्ल्यात कैदेत असलेले अकादियन बाहेर काढले गेले आणि मजुरीवर त्यांच्याकडून ते बांध दुरुस्त करून घेतले. आपल्याच बापजाद्यांच्या शेतावर, दुसऱ्याच्या मालकीत, रोजंदारीने. ती मजुरी वहीत कुठल्या खात्यावर लिहिली असेल, हा प्रश्न माझ्या धंद्यातल्या माणसाला पडणारच.

१७६४ नंतर परत यायला परवानगी मिळाली, पण लहान लहान टोळ्यांनी, विखरून आणि शपथ घेऊन. चांगली जमीन गेलेली. मग किनाऱ्याची वाळू आणि खडक वाट्याला आले आणि शेतकऱ्यांचे मच्छीमार झाले. रिशार पाद्री क्वेबेकच्या मांडवात का बसायला तयार नव्हते, ते आता कळेल. क्वेबेकही इंग्रजांनी जिंकला होता, पण तिथली माणसं आपापल्या शेतात राहिली.

तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, प्रिन्स एडवर्ड आयलंडवरच्या मिसकूशला दुसरी सभा झाली. तिथे झेंडा ठरला. फ्रान्सचा तिरंगा जसाच्या तसा आणि निळ्या पट्ट्यात एक पिवळा तारा, समुद्रावर वाट दाखवणाऱ्या मारीयामातेचा. मारी बाबिनो नावाच्या बाईने शिवलेला तो पहिला झेंडा अजून मॉन्कटन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. फ्रान्सचा तो तिरंगा फ्रेंच राज्यक्रांतीचा, पाद्र्यांवर उलटलेल्या क्रांतीचा. शिवाय यांचे पूर्वज फ्रान्स सोडून आले तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता. तरी एका पाद्र्याने तो उचलला. राष्ट्रगीत ठरलं तेही लॅटिन स्तोत्र. फ्रेंच टिकवायला निघालेल्या लोकांचं राष्ट्रगीत लॅटिनमध्ये! तर्काने बघाल तर काही जुळत नाही. पण सण तर्काने उभे राहत नसतात.

आता चोडणला परत येते, कारण माझं खरं म्हणणं तिथलं आहे आणि ते बऱ्याच मराठी वाचकांना रुचणार नाही.

आमच्या घरी बोलणं कोंकणी, वाचणं मराठी. स्वयंपाकघरात एक, देवघरात दुसरी. बाबा ज्ञानेश्वरी वाचायचे, आरत्या मराठीत, नाटकं मराठीत, पेपर मराठी. आईला हाक मात्र कोंकणीत. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात बाबांनी फुलावर शिक्का मारला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन होणं, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. पानं जिंकली, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण त्या पराभवाची सल घरात माझ्या लहानपणीही होती. बाबांचा युक्तिवाद मला पाठ होता: आपण मूठभर, पोर्तुगीजांनी पिळून काढलेले, थोरल्या भावाच्या पाठीशी उभं राहिलं तरच टिकू. मेमरामकूकच्या सभेचा वृत्तांत वाचताना २४ जूनवाल्यांची बाजू मला बाबांच्याच आवाजात ऐकू आली.

मी मात्र १५ ऑगस्टवाल्यांच्या बाजूची. धाकट्याने वेगळं राहावं. थोरला वाईट असतो म्हणून नाही. थोरल्याला धाकट्याची अडचण दिसतच नाही म्हणून. क्वेबेकचंच बघा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या राष्ट्रवाद्यांनी आपला डाव क्वेबेक प्रांतापुरता मांडला आणि पुढे तिथले मुख्यमंत्री झालेल्या रने लेव्हेक यांनी बाहेरच्या फ्रेंच भाषकांची गणती मेलेल्या बदकांत करून टाकली. १८८१ ला अकादियन लोक २४ जूनच्या मांडवात जाऊन बसले असते तर त्या दिवशी त्यांच्याकडे काय उरलं असतं? त्यांच्याकडे आपला दिवस होता, आपला झेंडा होता, आपलं कॉलेज होतं. बदकं मेली नाहीत.

आणि नातं तुटलं का? मुळीच नाही. मॉन्ट्रियलच्या वाहिन्या इथे घरोघर बघतात, इथली मुलं तिकडे शिकायला जातात, भांडतात, लग्नं करतात. इथल्या बुक्तूश गावच्या आँतोनीन माये यांना १९७९ साली फ्रान्सचा गाँकूर पुरस्कार मिळाला, तो हद्दपारीनंतर गाडीतून घरी परतणाऱ्या एका बाईच्या कादंबरीला. आपल्या गावच्या बोलीतल्या शब्दांवर उभं राहून त्यांनी पॅरिस जिंकलं, आणि स्वतः त्या मॉन्ट्रियलमध्ये राहायच्या. गोव्यातही तेच. विलीनीकरण झालं नाही म्हणून आमच्या देवघरातली मराठी कुणी काढून नेली नाही. १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली. हा लेख मी मराठीत लिहिते आहे. पण पुण्या-मुंबईला अजून कुणी भेटतं आणि हसत हसत म्हणतं, कोंकणी काय, मराठीचीच बोली ना? त्यांना मी आमच्याकडच्या शियाकची गोष्ट सांगते. मॉन्कटनच्या आसपासचं हे बोलणं, इंग्रजी क्रियापदाला फ्रेंच शेपूट लावणारं. क्वेबेकवाले त्याला हसतात, फ्रान्सचे लोक कपाळावर आठ्या घालतात. त्यात आता गाणी होतात, रेकॉर्ड खपतात.

पण दिवस ठरवला, झेंडा शिवला, गाणं म्हटलं, एवढ्यावर हे लोक थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. आपल्याकडे असे दिवस काय कमी आहेत? २७ फेब्रुवारीला शाल-श्रीफळ, व्हॉट्सअॅपवर कुसुमाग्रजांचा फोटो, आणि २८ ला मुलाच्या इंग्रजी शाळेची फी. अकादियन लोकांनी दिवसाच्या पाठीमागे मागण्या लावल्या आणि त्या मागण्या हिशेबाच्या होत्या.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोठी गोष्ट झेंडा नाही, घरपट्टी आहे. हसू नका. १९६० साली लुई रोबिशो हे न्यू ब्रन्सविकचे निवडून आलेले पहिले अकादियन मुख्यमंत्री झाले. तेव्हा शाळा, दवाखाने, निराधारांची मदत हे सगळं त्या त्या काउंटीच्या स्थानिक मालमत्ताकरातून चालायचं. श्रीमंत इंग्रजी काउंटीत शाळा चांगली, मास्तरांना पगार बरा. उत्तरेकडच्या गरीब फ्रेंच किनाऱ्यावर कर भरूनही तिजोरीत खडखडाट, मग मास्तर कुठून आणणार? रोबिशोंनी १९६७ पासून काउंटी मंडळंच बरखास्त केली आणि शाळा, आरोग्य, कल्याण हे खर्च प्रांताच्या तिजोरीवर घेतले. सगळीकडे एकच मोजमाप. केवढी ओरड झाली. पीटरला लुटून प्येरचं घर भरतो, असं विरोधक म्हणत. त्यांनी मागे घेतलं नाही. १९६३ ला मॉन्कटन विद्यापीठ निघालं होतंच, १९६९ ला राजभाषा कायदा आला आणि न्यू ब्रन्सविक अधिकृतपणे द्विभाषिक झाला. कॅनडात आजही असा तो एकच प्रांत. फ्रेंच मातृभाषा असलेले इथे साधारण तीस टक्के.

सुखासुखी काही झालं नाही. १९६८ साली विद्यार्थ्यांनी मॉन्कटनच्या नगरपालिकेवर मोर्चा नेला, नगरपालिकेच्या कामात फ्रेंच हवी म्हणून. महापौर लेनर्ड जोन्स यांनी त्यांना भरसभेत इंग्रजीत बोलायला लावलं. पोरांनी मग महापौरांच्या दारात डुकराचं मुंडकं नेऊन ठेवलं. या प्रसंगांवरचा माहितीपट आहे, १९७१ चा. आजही तो बघताना खोलीतली हवा तापते. माझी एक सहकारीण केप-पेले भागातली, आता साठीच्या पुढची. ती सांगते, लहानपणी आई तिला घेऊन मॉन्कटनच्या मोठ्या दुकानात जायची तेव्हा दाराशी पोचताच आईचा आवाज आपोआप खाली यायचा; काउंटरवर तर ती बोटानेच वस्तू दाखवायची. आज त्याच रस्त्यावर ही बाई बँकेत, टपालात, दवाखान्यात आधी फ्रेंचमध्ये तोंड उघडते आणि समोरचा अडखळला तर शांतपणे थांबते. त्या थांबण्यात मला सगळे कायदे दिसतात.

एक खोच मात्र राहिलीच आहे. मॉन्कटन हे नाव रॉबर्ट मॉन्कटन या इंग्रज अधिकाऱ्याचं, ज्याने १७५५ ला बोसेजूर किल्ला घेतला आणि हद्दपारीत हात धुऊन घेतले. अकादियन लोकांच्या स्वतःच्या विद्यापीठाला त्याचंच नाव! २०२३ साली नाव बदलावं म्हणून सह्यांची मोहीम गाजली. काही म्हणतात बदला, काही म्हणतात पदव्यांवरचं नाव बदलत बसू नका. माझी मतं नावबदलाच्या बाबतीत एरवी थंड आहेत, भारतातून आलेल्या माणसाची असतात तशी. पण इथे मी बदलण्याच्या बाजूने आहे. रस्त्याला नाव देणं वेगळं आणि आपल्या पोरांच्या पदवीवर आपल्याला हाकलणाऱ्याचं नाव छापणं वेगळं.

रडायचा दिवस त्यांनी वेगळा ठेवला आहे, हे मला फार आवडतं. २००३ साली कॅनडाच्या गव्हर्नर जनरलनी राणीच्या वतीने घोषणापत्र काढलं आणि २८ जुलै हा हद्दपारीच्या स्मरणाचा दिवस ठरला. त्यामागे लुइझियानाच्या वॉरन पेरिन या केजन वकिलाने कित्येक वर्षं लावलेला तगादा होता. घोषणापत्रात झालेल्या गोष्टीची कबुली आहे. माफी नाही, भरपाई नाही. कुठलीही कायदेशीर किंवा आर्थिक जबाबदारी येत नाही असं त्यात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. ज्याने ते कलम लिहिलं त्याने आपल्या अशिलाची चोख काळजी घेतली.

त्याच वर्षी संसदेने १५ ऑगस्टलाही राष्ट्रीय अकादियन दिन म्हणून कायदेशीर मान्यता दिली, पण देशभर सुट्टी दिली नाही. यावर इथे कुरबुर चालते. मला विचाराल तर सुट्टी नाही हेच बरं. सुट्टी दिली की माणसं समुद्रकिनाऱ्यावर जातात, शुक्रवारी रात्री गाडी भरतात, दिवसाचं लाँग वीकेंड होतं. आपल्या १ मे चं काय झालं ते आपण बघतोच. सुट्टी नसल्यामुळे इथे दिवसाचा मुख्य भाग कामानंतर सुरू होतो आणि येतो तो आपल्या मर्जीने येतो.

मुख्य भाग म्हणजे तँतामार. संध्याकाळी पाच पंचावन्नला, चोवीस तासांच्या घड्याळात १७:५५ होतात म्हणून, लोक पातेली, झारे, शिट्ट्या, सायकलच्या घंट्या, होड्यांचे भोंगे घेऊन रस्त्यावर येतात आणि नुसता गोंगाट करतात. ढोलताशाचा ठेका नाही, सूर नाही. तोंडावर पिवळा तारा रंगवलेला. अग्निशामक दलाची गाडी सायरन वाजवत मागे. आम्ही इथे आहोत, एवढंच सांगायचं. बाहेरचे लोक याला प्राचीन परंपरा समजतात. तशी ती मुळीच नाही. १९५५ साली हद्दपारीला दोनशे वर्षं झाली तेव्हा मॉन्कटनचे आर्चबिशप नॉर्बेर रोबिशो यांनी घरोघर सूचनापत्रक पाठवलं: चर्चच्या घंटा थांबल्या की दारात या आणि हाताला लागेल ते वाजवा. मग चोवीस वर्षं सगळं शांत. १९७९ ला काराकेत या मच्छीमारांच्या गावाने ते पुन्हा सुरू केलं आणि मग किनारा सगळा वाजू लागला.

माझी एकच तक्रार आहे. ऑगस्टच्या मध्यावर नॉर्थम्बरलंड सामुद्रधुनीतला लॉबस्टरचा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो आणि कारखाने दोन पाळ्यांत चालतात. कन्व्हेयरवर उभ्या असतात मेक्सिकोच्या आणि फिलिपिन्सच्या बाया, ठरावीक मुदतीच्या परवान्यावर आलेल्या. ज्या किनाऱ्यावर दोनशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या वहीत उधारीवर जगणारे लोक होते, त्या किनाऱ्यावरच्या सणाला या बायांना बाहेर पडता येत नाही. मालक बहुतेक अकादियन. मी ही गोष्ट एका मालकाकडे काढली. तो वैतागला, लॉबस्टर कुणाची वाट बघत नाही म्हणाला, आणि विषय संपला असं मला वाटलं.

त्या पंधरा ऑगस्टला त्याच्याकडे वह्या बघत बसले होते. पाच पंचावन्नला पट्टा थांबला. रबरी बूट आणि निळ्या टोप्या घातलेल्या बाया स्टीलच्या ट्रे आणि पळ्या घेऊन बर्फाच्या खोलीबाहेर आल्या आणि त्यांनी असा काही दणका उडवला की पत्र्याचं छप्पर थरथरलं. एकीने तर प्रेशर होजचं तोंड डब्यावर आपटून घेतलं. दहा मिनिटं. मग पट्टा सुरू झाला. मालक ऑफिसात येऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, ऐंशी बायांचे दहा-दहा मिनिटांचे पैसे, हे मी नेमकं कुठल्या खात्यावर टाकू?

मी म्हटलं, डागडुजी.